‘व्यंकटी’ म्हणजे कोणते वाकडेपण?

पसायदान म्हटल्यावाचून वारकऱ्याच्या घरचा दिवस सहसा मावळत नाही. शके 1212, म्हणजे इ. स. 1290 साली, नेवाशास ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील टीका पुरी केली आणि अठराव्या अध्यायाच्या अखेरीस विश्वात्मक देवाजवळ एक मागणे मागितले. तेच हे पसायदान. पारायणाची समाप्ती त्याने होते, सप्ताहाचा शेवट त्याने होतो, आता तर पुष्कळ शाळांतली मुलेही ते सुरात म्हणतात. परंतु जे रोज ओठावर असते ते मनात उतरतेच असे नाही. वर्षानुवर्षे पाय पडून पायरीचा दगड गुळगुळीत होतो, तसा पाठातला शब्दही गुळगुळीत होतो आणि जीभ त्यावरून सरकन पुढे जाते. अशा शब्दांपैकी एक ‘व्यंकटी’ हा होय. दुष्टांच्या ठायी जी व्यंकटी आहे ती गळून जावी, असे माउली मागतात. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, असे आपण झटकन सांगतो आणि पुढच्या मागण्याकडे वळतो. आम्हाला आज या एका शब्दापाशी थोडे थांबावयाचे आहे.

थांबण्याचे कारण असे. नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला नरखेड तालुका आहे. संत्र्याच्या बागांचा हा मुलूख. पलीकडे मध्यप्रदेश लागतो, एका बाजूने वर्धा नदी वाहते आणि जलालखेड्याजवळ जाम नदी येऊन तिला मिळते. पंढरी येथून सहा-सातशे किलोमीटर दूर. तरी गावोगाव टाळ-मृदंग आहेत, सप्ताह आहेत, माळकरी घरे आहेत. तिकडच्या एका सप्ताहात पसायदानाचा अर्थ सांगून झाल्यावर एक माय आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पुढे आली. मुलाचे एक पाऊल जन्मापासून आत वळलेले. ती म्हणाली, “महाराज, तुम्ही सांगतलं का व्यंकटी म्हणजे वाकडेपण, अन् ते जावो असं देवाले म्हणाचं. माह्या लेकराचा पाय वाकडा हाये. तो मले इचारते, हे लोक माह्यासाठीच म्हंतेत का वं माय?”

प्रश्न लेकराचा आहे, पण लहान नाही. शे-दोनशे माणसे हात जोडून ज्याच्या जाण्याची प्रार्थना करतात ते आपल्याच अंगावर आहे, असे एखाद्या मुलाला वाटत असेल, तर त्या प्रार्थनेचा अर्थ नीट सांगणे हे आमचे पहिले कर्तव्य आहे. आणि तो अर्थ आम्हाला मनातून रचावा लागत नाही. तो शब्दाच्या पोटातच आहे.

वाकडा हा शब्द मूळचा संस्कृत ‘वक्र’ या शब्दाच्या कुळातला. प्राकृतात त्याची ‘वंक’ अशी रूपे झाली आणि त्यातून मराठीत वाकडा, वाकणे, वाक, वाकी हे शब्द आले. जुन्या पोथ्यांत व पुस्तकांत ‘वांकडा’ असे अनुस्वार देऊन लिहीत. तो अनुस्वार उगाच नव्हता. वंक शब्दातल्या अनुनासिकाची ती उरलेली खूण होती. 1962 साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे असे अनुस्वार लेखनातून गेले. खूण गेली, नाते राहिले.

आता आणखी एक पायरी खाली उतरून पाहू. वक्र हा शब्द ‘वञ्च्’ या धातूपासून आला आहे आणि धातुपाठात हा धातू गतीच्या, म्हणजे जाण्याच्या, अर्थी दिला आहे. जाणे, पण कसे? सरळ नव्हे, आडवळणाने, इकडे तिकडे झोकांडत जाणे. त्याच धातूचे प्रयोजक रूप झाले की त्याचा अर्थ फसविणे असा होतो. वंचना, वंचक हे शब्द त्यातूनच निघाले. दुसऱ्याला सरळ रस्त्यावरून आडरस्त्याला नेणे ही वंचना. तात्पर्य, या कुळाचा मूळपुरुष हा आकाराचे नाव नसून चालीचे नाव आहे. माणूस जातो कसा, वागतो कसा, हे सांगण्यासाठी धातू होता. वस्तूचा आकार सांगण्याचे काम त्याच्या पोटी जन्मलेल्या शब्दांनी केले.

मराठी माणसाच्या नित्याच्या बोलण्यातही हीच साक्ष मिळते. वाकडे पाऊल पडले, असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाच्या पायाचे हाड तपासत नाही. वाकडी नजर म्हणजे डोळ्याचा दोष नव्हे. तो वाकड्यात शिरला, ती वाकडे बोलली, त्याने तोंड वाकडे केले, दोघांत वाकडे आले. या सगळ्या बोलण्यांत शरीर कोठे आहे? सारे मनाचे आणि वागणुकीचे आहे. आणि ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण तर आपल्या सर्वांचे बिंग फोडते. स्वतःतले उणे झाकायचे झाले की माणूस बाहेर काहीतरी वाकडे शोधतो. अंगण सापडले तर अंगण, नाहीतर शेजाऱ्याचे पोर.

वाकडेपणा दिसला की तो वाईटच, असेही ही भाषा म्हणत नाही. याच कुळातला ‘बांका’ हा शब्द घ्या. तो हिंदीच्या वाटेने आला आणि नरखेडसारख्या सरहद्दीच्या तालुक्यात दोन्ही भाषा कानी पडत असल्याने सर्वांच्या ओळखीचा आहे. अर्थ मूळचा वाकडा हाच. परंतु बांका जवान म्हटले की ऐटदार, शूर गडी डोळ्यांपुढे येतो. वृंदावनात कृष्णाला बांके बिहारी म्हणतात, कारण मुरली वाजविताना तो तीन ठिकाणी वाकून, त्रिभंगी, उभा राहतो. शुभकार्याच्या आरंभी ज्या गणरायाला वंदन करतो त्याचे एक नाव वक्रतुंड. बीजेच्या चंद्राची कोर वाकडीच असते आणि तिला लोक हात जोडतात. दंडावर घालायचा दागिना वळवलेला असतो म्हणून त्याला वाकी म्हणतात. वाकडा आकार कोठे देवाला शोभतो, कोठे दागिन्याला. मग तो आकार काढून टाक, असे मागणे माउली का मागतील?

याच्या उलट शब्द ‘ऋजु’. ऋजु म्हणजे सरळ आणि सरळपणा म्हणजे आर्जव. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत त्यांत आर्जव आहे. सोळाव्यात दैवी संपत्ती सांगितली आहे तिच्यातही आर्जव आहे. तेथे सरळ हातापायांचे कौतुक नाही. मनात एक, बोलण्यात दुसरे आणि करण्यात तिसरे असे ज्याचे नाही तो ऋजु. मराठीने या शब्दाला आणखी एक वळण दिले. आपल्याकडे आर्जव म्हणजे विनवणी. हे आम्हाला फार गोड वाटते. ज्याचे मन सरळ झाले तोच खरे मागू शकतो. वाकड्या मनाचा माणूस मागत नाही, डाव टाकतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘व्यंकट’ हे नाव असलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते नाव तिरुपतीच्या डोंगरावरून आले. डोंगराचे नाव वेंकट, त्याचा ईश तो वेंकटेश, आणि मराठी उच्चारात व्यंकटेश. त्याचा वाकडेपणाशी काही संबंध नाही. पसायदानातील व्यंकटी हा शब्द वंक-वाकड्याच्या घरचा आहे, डोंगराच्या घरचा नव्हे. ऐकायला दोन्ही सारखे म्हणून एका पंक्तीत बसवू नये.

आणि या मागणीत व्यंकटी कोणाची सांगितली आहे तेही पाहावे. पांगळ्यांची नव्हे, कुबड्यांची नव्हे, खळांची. खळ म्हणजे दुष्ट. ज्याचे हातपाय धडधाकट, ज्याची चाल डौलदार, आणि तरी ज्याच्या मनाला सरळ वाट माहीत नाही, तो खळ. तेव्हा त्या मुलाला उत्तर द्यायचे ते असे: “बाळा, ही प्रार्थना तुझ्या पायासाठी नाही. तुझ्या पायाला जो हसतो त्याच्या मनासाठी आहे.” हे समजूत घालण्यासाठी बोललेले गोड खोटे नव्हे. शब्दाचा अर्थच हा आहे.

आता कथापुराणे काय म्हणतात ते पाहू. कारण त्यांतही वाकड्या अंगाची माणसे आहेत.

भागवताच्या दशम स्कंधात कुब्जेची कथा आहे. मथुरेत कंसासाठी उटणे-चंदन करणारी ही दासी. तीन ठिकाणी वाकलेली म्हणून तिला त्रिवक्रा म्हणत. तिने ते चंदन कृष्णाला दिले आणि कृष्णाने तिच्या पावलांवर आपला पाय ठेवून, हनुवटीला दोन बोटे लावून, तिला सरळ उभी केली. दुसरी कथा महाभारताच्या वनपर्वातली, अष्टावक्राची. तो आईच्या पोटात असताना बाप वेदपाठात चुकतो आणि गर्भातून मूल ते दाखविते. बाप रागावतो आणि शाप देतो. मूल आठ ठिकाणी वाकडे होऊन जन्मते. पुढे तेच मूल जनकाच्या सभेत पंडिताला जिंकते, बापाला सोडविते, आणि समंगा नदीत स्नान करून सरळ अंगाचे होते. सम अंग करणारी म्हणून ती समंगा.

या दुसऱ्या कथेचे मर्म आम्हाला असे दिसते की वाकडेपण आधी कोठे होते? बापाच्या जिभेवर होते. तेथून ते पोराच्या अंगावर आले. मूल खरे बोलले, बापाचा अहंकार दुखावला, आणि भोगणे आले ते मुलाच्या वाट्याला. शापाची कथा जुनी. पण घराघरांत आजही हेच चालत नाही काय? जन्माला आलेल्या लेकराकडे पाहून आजी म्हणते, “हे कोनाचं पाप आलं?” बाप तोंड फिरवितो. हाडाचे वाकडेपण वैद्य कदाचित सुधारील. त्या एका वाक्याने मनाला जो बाक येतो तो कोण सुधारणार?

तिसरी कथा आपल्या संप्रदायाची, कूर्मदासांची. पैठणचा हा भक्त. जन्मतःच हात नाहीत, पाय नाहीत. पंढरीची ओढ लागली आणि लोळत, सरपटत तो निघाला. अंतर किती, दिवस किती, याचा हिशेब त्याने केला नाही. माढे तालुक्यातील लऊळ येथपर्यंत आला आणि देह थकला. पंढरी थोड्याच कोसांवर राहिली. तेव्हा देवच निघाला. विठोबा लऊळला येऊन कूर्मदासांना भेटले. आजही लऊळला त्यांची समाधी आहे.

तिन्ही कथा शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कुब्जा सरळ झाली. अष्टावक्र सरळ झाला. कूर्मदासांना मात्र हातपाय फुटले नाहीत. देवाने त्यांचे अंग बदलले नाही. स्वतःची जागा बदलली. विटेवर समचरण उभा असणारा, हालत नाही म्हणून ज्याची ख्याती, तो विटेवरून उतरला. अंग सरळ झाल्यावर कृपा, असा क्रम येथे नाही. अंग आहे तसे असतानाच भेट आहे. वारकरी पंथाचे वेगळेपण आम्हाला या कथेत दिसते. ‘आधी बरा हो, मग ये’ असे पंढरीनाथ म्हणत नाही.

येथे दोन शंका येतात. त्यांचे समाधान केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पहिली शंका बागाईतदाराची. चोखोबांनी उसाचा दृष्टान्त दिला आहे. अंगाने ‘डोंगा’, म्हणजे वाकडा, असलेल्या उसाचा रस काही वाकडा होत नाही, असा त्याचा आशय. कमानीचे आणि नदीचेही त्यांनी तसेच सांगितले. नरखेडचा संत्रेवाला म्हणेल, “बुवा, उसाचं खरं असन; पन संत्र्यात असं नाही चालत.” त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. संत्रावर्गातल्या झाडांना ग्रीनिंग नावाचा एक रोग होतो. सायला नावाची बारीक कीड तो पसरविते. झाडात अन्नरस वाहून नेणाऱ्या वाटा त्याने तुंबतात. फळ लहान राहते, एका अंगाला झुकते, बुडाशी हिरवेच राहते आणि चवीला कडू लागते. म्हणजे येथे वरचा वाकडेपणा आतल्या कडूपणाची खूण ठरली. मग चोखोबांचे काय?

समाधान असे. दृष्टान्त एकदेशी असतो. त्याचा जेवढा अंश सांगायचा आहे तेवढाच घ्यावा. शिवाय बागेतही सगळी वाकडी फळे रोगाची नसतात. फांदीला अडले, पानात दाबले गेले, लहानपणी कातडीला ओरखडा बसला, म्हणून बेढब झालेले फळ सोलून पाहावे. फोड गोडच असते. बाजारात त्याला भाव कमी येतो, कारण गिऱ्हाईक डोळ्याने घेते. तेव्हा शहाणा बागवान काय करतो? आकार पाहून निकाल देत नाही. फोड चाखून पाहतो. आणि रोगच निघाला तर फळाला शिव्या देत नाही. कीड कोठून आली ते शोधतो. चोखोबांना हेच सांगायचे होते. जन्माच्या नावाखाली ज्यांना देवळाबाहेर उभे केले त्यांची फोड कोणी चाखलीच नव्हती. विदर्भातील मेहुणाराजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. समाधी पंढरीत महाद्वारासमोर. आत जाण्याची वाट मोकळी व्हायला 1947 साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. वाकडेपण कोठे होते? उसात होते की पाहणाऱ्या डोळ्यात?

दुसरी शंका अधिक अवघड. ती अशी की, अंगाचे वाकडेपण हे पूर्वकर्माचे फळ. ज्याने जे केले ते तो भोगतो. त्यात आपण काय करावे? पुष्कळ सज्जन माणसेही असे म्हणतात आणि असे म्हटले की त्यांचे मन निवांत होते. आम्हाला या निवांतपणाची भीती वाटते.

कर्माचा सिद्धान्त शास्त्रात आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण तो सिद्धान्त स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दारावर डकविण्यासाठी नव्हे. आपले दुःख सोसताना माणूस ‘माझे कर्म’ म्हणाला तर त्याला धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहून ‘त्याचे कर्म’ म्हणाला तर त्याचा हात आखडतो. शब्द तोच, एका ठिकाणी औषध, दुसऱ्या ठिकाणी विष. या तालुक्यातल्याच मोवाड गावी 30 जुलै 1991 रोजी वर्धेचा पूर शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. त्या चिखलात उतरून मदतीचा हात देणाऱ्याने आधी कोणाचे कर्म विचारावयाचे होते? आणि पुराच्या वेळी जो हिशेब विचारायचा नाही, तो पांगळ्या लेकराच्या बाबतीत कोणत्या न्यायाने विचारायचा?

दुसरेही एक पाहावे. पोलिओने हातपाय वाकडे झालेली मुले पूर्वी गावोगाव दिसत. त्यांना कर्माचे फळच म्हणत. 1995 पासून देशभर डोस पाजण्याची मोहीम झाली. 2011 सालच्या जानेवारीनंतर देशात तशा पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आता विचारावेसे वाटते की, एका पिढीतल्या सगळ्या मुलांचे पूर्वकर्म एकदम चांगले झाले काय? की दोन थेंबांचे काम आपण इतकी वर्षे कर्माच्या नावावर मांडीत होतो? कुष्ठरोगाचेही तेच. बोटे आखडून वाकतात ती जंतूने मज्जातंतू निकामी केल्यामुळे. तो जंतू हॅन्सनने 1873 साली दाखविला. तरी लोक महारोग्याला पापी म्हणत राहिले. आमच्या विदर्भाचे भाग्य की येथे काही माणसांनी तसे म्हटले नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण 1936 साली या सेवेत उतरले, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली तपोवन उभारले. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापली आणि वरोड्याजवळ आनंदवन वसविले. आणि कीर्तनातून आंधळ्या-पांगळ्यांची सेवा हीच देवपूजा असे सांगत फिरणारे गाडगे महाराजही याच वऱ्हाडच्या मातीतले. वाकडी बोटे पाहून ज्यांचे मन सरळ राहिले, त्यांना आम्ही पसायदान जगलेली माणसे म्हणतो.

म्हणून माता-पित्यांना आमची एक विनंती आहे. जन्मलेल्या बाळाचे पाऊल आत वळलेले दिसले तर ते नशीब समजून घरात बसू नये. अंगारे-धुपाऱ्यात महिने घालवू नयेत. हजार बाळांमागे साधारण एकास असे असते. पहिल्या काही आठवड्यांतच दवाखान्यात नेले तर आठवड्या-आठवड्याला प्लास्टर बदलीत पाऊल हळूहळू वळवून आणता येते आणि पुढे काही वर्षे विशेष बूट-पट्टी वापरली म्हणजे ते टिकते. उशीर झालेल्यांनाही उपाय असतात, विचारून पाहावे. देवाचे नाव घ्यावे आणि मुलाला दवाखान्यात न्यावे. या दोहोंत वाकडे नाही. आणि उपाय करूनही जे राहील ते कूर्मदासांसारखे राहू द्यावे. भेटीला आड येईल असे त्यात काही नाही.

आता नावांविषयी थोडेसे. लंगड्या, कुबड्या, तिरळ्या, थोट्या अशी हाक मारण्याची खोड गावात आहे. कोणी म्हणेल, प्रेमाने म्हणतो. प्रेमाने म्हणतो तर त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव का नको? सरकारने यात सुधारणा केली आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यात एकवीस झाले आणि कामकाजात ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला. चांगले झाले. परंतु नुसता शब्द बदलून भागत नाही. दिव्यांग हा शब्दही तिरक्या जिभेने उच्चारला तर शिवी होतो, आणि ‘पांगळा’ हा शब्द संतांनी देवापुढे स्वतःला लावला तेव्हा तो भक्तीचा अलंकार झाला. शब्दाला सरळ किंवा वाकडे करणारी वस्तू म्हणजे बोलणाऱ्याचे मन.

येथे माउलींच्या मागण्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांनी खळांचा नाश मागितला नाही. त्यांची फक्त व्यंकटी गळून जावी, असे मागितले. म्हणजे काय? खळ आणि त्याची व्यंकटी या दोन वस्तू आहेत, असे त्यांनी धरले. वाकडेपण हे त्या माणसाचे स्वरूप नव्हे. अंगावर चढलेला मळ आहे, तो सांडू शकतो, आणि सांडल्यावर जो उरतो तो आपलाच भाऊ आहे. हे कोणी म्हणावे? ज्याला आणि ज्याच्या भावंडांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत टाकले, ज्यांचा जन्मच वाकडा ठरविला, त्याने. त्याने आपल्या छळकांनाही त्यांच्या दुष्टपणाच्या नावाने हाक मारली नाही.

आता आपल्याकडे पाहावे. जो दुष्ट आहे, ज्याचे वाकडेपण त्याने स्वतः कमावले आहे, त्यालासुद्धा माउलींनी त्याच्या वाकडेपणापासून वेगळे केले. आणि आपण? ज्याने काही केले नाही, जे पोर तसे जन्मले एवढेच, त्याला त्याच्या पायापासून वेगळे करीत नाही. पाऊल वाकडे म्हणून तो सगळाच ‘वाकड्या’. माउली खळाला माणूस म्हणतात आणि आपण माणसाला पाय म्हणतो! पसायदान म्हणणाऱ्या तोंडाला हे शोभत नाही.

करावयाचे फार नाही. जेथे सप्ताह असेल तेथे मंडपात यायला एक उतरती वाट असावी. पायऱ्याच असतील तर फळ्या टाकाव्यात. दिंडीत चालणे ज्याला अवघड त्याला ‘तू घरीच राहा’ म्हणू नये. त्याच्या चालीने चार पावले हळू चालावे. टाळ धरायला हात नसेल तर गळा आहे, गळा नसेल तर डोळे आहेत. अशा मुलाला कीर्तनात मागे न बसवता पुढे बसवावे, आणि त्याची कीव न करता त्याला पाठांतर द्यावे. हरिपाठ पाठ करायला पाय लागत नाहीत.

शेवटी या कुळातल्या एका शब्दाकडे लक्ष वेधून थांबतो. वाकडा आणि वाकणे हे सख्खे भाऊ. एकाच घरात जन्मले. पण एकाला लोक हिणवितात आणि दुसऱ्यावाचून वारी होत नाही. वारकरी वारकऱ्याला भेटला की वाकतो. लहान मोठ्याच्या पाया पडतो, मोठा लहानाच्या पडतो. जात विचारीत नाही, वय विचारीत नाही. पंढरीच्या वाटेवर लक्षावधी पाठी अशा वाकतात आणि त्यांत कोणाची पाठ जन्मतःच वाकलेली आहे हे ओळखूही येत नाही. ज्याची पाठ कधी वाकत नाही त्याच्याच मनात व्यंकटी राहायला जागा असते. ताठपणा हा सरळपणा नव्हे. म्हणून रात्री पसायदान म्हणताना त्या शब्दापाशी जीभ आली की क्षणभर थांबावे, दुसऱ्या कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणू नये, आणि आपल्याच मनावरून हात फिरवून पाहावा. बाक लागला तर तेथेच माउलींना आर्जव करावे.

राम कृष्ण हरि.